शेपट्यांची रांग

मी आता सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. माझं कुणालाच काही खरं वाटत नाही, त्याला माझा इलाज नाही. एकदा दुधनेच्या काठी मी खरोखरचा बिबट्या पाहिला, तर पारावरचे लोक विचारतात, आधी रामराम त्यानं घातला का तू घातला. पण ही गोष्ट बिबट्याहून अवघड आहे. अडीच हात उंचीच्या दहा पोरांनी आमच्या गावाला, मिशा असलेल्या, सातबारा असलेल्या गावाला, शेतीतलं एक खरं सांगितलं. अन् गावानं त्या खऱ्याचं काय केलं, ते ऐकून तुम्ही म्हणाल, पुंजाराम, आता वय झालं, थोडं कमी फेकत जा.

हेच मी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून आकांक्षाला म्हणलो. आकांक्षा म्हणजे भागवतची सून. लग्न होऊन आली तिला वर्ष झालं नाही, अन् अंगणवाडीवर सेविका म्हणून लागली तिला आठ दिवस. शेजारी तुळजाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती तिथली मदतनीस, पंचवीस वर्षांपासून. पाशामियाँ नातवाला, तौफिकला सोडायला आला होता, तोही बिडी शिलगावून टेकला.

गोष्ट निघाली ती आकांक्षाच्या प्रश्नानं.

"आबा, ह्या पोरांना कोनी शिकवलं हे?" ती म्हणली. "मी पाटीवर अ आ काढून देते, तर पाटी पालथी घालतात अन् तिच्यावर खडे मांडतात. भिंतीच्या कडंनी रांगा लावतात. म्हणलं, काय करता रे, तर म्हणतात, शेपट्या मोजून राह्यलो."

तुळजाबाईचा हात सुपात थांबला. मंग पुन्हा चालू झाला.

"ती दैवशालेची करणी," मी म्हणलो. "ऐक. परवाच्या सालचा उन्हाळा. ऊन असं का हापशाला पाणी आलं तर सरळ चहापत्ती टाकून घ्यावी."

"अन् दूध?" पाशामियाँनं विचारलं.

"दूध कुठलं. म्हशी खवाच देऊन राह्यल्या व्हत्या."

आकांक्षा हसली. हसणारं माणूस समोर बसलं की मला जोर येतो.

दैवशाला मच्छिंद्रची बायको. बारावी झालेली, अंगानं काडी, आवाज असा बारीक की शेजारच्या खोलीत सुई पडली तर आधी सुईच ऐकू यावी. सहा वर्षं तिनं ही अंगणवाडी चालवली, पण कशी? तालुक्याहून चित्रांचे तक्ते आले, ते तिनं भिंतीला लावले अन् पोरांना घेऊन बाहेर बसली. पोरांनी चिखल कालवला तर ती म्हणायची, अजून पाणी टाकलं तर काय व्हईल? पोरांनी नारळाच्या करवंट्यांचा तराजू केला अन् अर्धा दिवस शेण अन् दगड तोलत बसले, तर ही बाई बाजूला उकिडवी बसून बघायची. मधे पडायची नाही. पोरंच ठरवायचे आज काय करायचं ते.

गावाला हे कसं झेपावं. वाटूर फाट्याच्या इंग्रजी शाळेतली पोरं 'ए फॉर ॲपल' म्हणून राह्यली होती. आमच्यांना घरी कुणी पाव्हण्यांसमोर म्हणलं, बाळा, काय शिकलास सांग, तर पोरगं सांगायचं की शेळीच्या लेंड्या वाळल्यावर हलक्या होतात अन् म्हशीच्या शेणाचा पव वाळला तरी जडच राहतो. पाव्हणे चहा तसाच ठेवून उठायचे.

अन् सगळ्यात वाईट खोड म्हणजे, पोरानं काही विचारलं की दैवशाला म्हणायची, "मला न्हाई माहीत. बघू आपण."

"शिकवणारी बाईच म्हणते मला न्हाई माहीत," आमचा सोमेश्वर घरी तणतणायचा. "मंग तिला ठिवलं कशाला? मला बी न्हाई माहीत. मी बी जाऊन बसतो तिथं."

सोमेश्वर माझा लेक. त्याचा पोरगा बबलू तेव्हा साडेचार वर्षांचा, दैवशालेच्याच हाताखाली.

तर मिरगाच्या आधीची गोष्ट. हापशापाशी कुणाच्या तरी पोत्यातून सोयाबीन सांडलं होतं. पाण्यानं फुगलं, काही उगवलं, काही नुसतंच सडलं. पाशामियाँची नात अलमास, पाच वर्षांची, एक फुगलेला दाणा तळहातावर घेऊन आली.

"ताई, ह्ये झोपलंय का मेलंय?"

"मला न्हाई माहीत," दैवशाला म्हणली. "कसं कळंल?"

पोरांनी विचार केला. एक म्हणालं, हलवून बघू. एक म्हणालं, कानात ओरडू. त्यांनी खरंच त्या दाण्याच्या कानात ओरडून पाह्यलं. मंग अलमास म्हणली, आमचा दादा, म्हणजे हा पाशामियाँ, वल्या गोणपाटात बी ठेवतो, मंग उठतं ते.

"बराबर," पाशामियाँनं ओट्यावर मान हलवली. "मेरा बाप करता था. माझ्याबिगर आजकाल कोन करतंय. पिशवी फोडली का सरळ वावरात."

मंग पोरांनी दोन गोणपाट मागून आणले. एकावर पाशामियाँच्या घरचं बी, मडक्यात लिंबाचा पाला घालून ठेवलेलं. दुसऱ्यावर आमच्या बबलूनं घरून मूठ भरून आणलेलं, रामकिसनच्या दुकानातून आलेल्या पिशवीतलं. तीच पिशवी अख्ख्या गावानं नेली होती. रामकिसनचं खत-बियाण्याचं दुकान एस.टी. थांब्यासमोर आहे, अन् उधारीला दुसरं दार ह्या गावात नाही.

दहा पोरं. कुणाला दहाच्या पुढं मोजता येत नव्हतं. दैवशालेनं ते शिकवलंही नाही. तिनं विचारलं, तुमच्यापाशी किती बोटं हायेत? मंग ज्याचं त्यानं एकेका बोटाला एकेक दाणा धरून मांडला. असे एका गोणपाटावर शंभर दाणे झाले, पण पोरांना ते शंभर आहेत हे ठाऊक नव्हतं, त्यांना ते सगळ्यांची बोटं एवढंच ठाऊक होतं. गोणपाट गुंडाळले, सावलीत ठेवले. पाणी शिंपायच्या पाळीवरून अशी मारामारी की दोन पोरं दिवसभर गोणपाटाला पाठ टेकून राखण करून राह्यली. मी तर पाह्यलं, एक पोरगी त्या गोणपाटाला अंगाई म्हणत होती.

"हे खरं का आबा?" आकांक्षानं विचारलं.

"हे खरं हाये," तुळजाबाई मान वर न करता म्हणली. "ती मीनाची धाकटी व्हती."

पाचव्या दिवशी गोणपाट उलगडले. घरच्या बियाला पांढरे मोड आले होते. पोरं म्हणाले शेपट्या. शेपटीवाले एकीकडं, बिनशेपटीचे एकीकडं. आता जास्ती कोणाचे, हे कसं ठरवायचं? अलमासनं तोड काढली. एकेका शेपटीसाठी एकेक खडा घेतला अन् उंबऱ्यापासून भिंतीच्या कडंनी रांग लावत गेली. पाशामियाँच्या बियाची रांग उंबऱ्यापासून निघाली ती माठाच्या तिवईला जाऊन टेकली. पिशवीच्या बियाची रांग दुसऱ्या फरशीवर संपली.

तीन वर्षांच्या पोराला कळावं एवढं ते उघडं होतं, अन् तीन वर्षांच्या पोरांना ते कळलंही.

संध्याकाळी बबलूनं पारावर येऊन, दहा माणसांत, मोठ्यानं सांगितलं, "आपल्या आज्याच्या बियाला शेपटीच न्हाई."

लोक हसले. शिवाजी, आमच्या गावात अर्ज-बिर्ज लिहून देतो तो, म्हणला, "पुंजाराम आबा, बियाला शेपटी न्हाई अन् गोष्टीला बूड न्हाई. तुमच्या घरात पुरं असं काय हाये?" आणखी हसले. मीबी हसलो. मी काही मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दैवशाला स्वतः पारावर आली. पदर डोक्यावर, हातात पोरांची वही. त्या वहीत पोरांनी गोल काढले होते, काहींना शेपटी, काहींना नाही, अन् खाली दहाही पोरांनी कुंकवात बोटं बुडवून उठवली होती. ती म्हणली, "मी म्हणते म्हणून ऐकू नका. ज्यानं त्यानं आपल्या पिशवीतले दाणे घरी गोणपाटात ठेवून बघा. पाचच दिवस. पेरणी पाच दिवस मागं गेली तर काही बिघडत न्हाई."

रामकिसन तिथंच होता. तो काही रागावला नाही. तोंडात सुपारी धरून हळू बोलला. "वैनी, पाच वर्षाच्या पोरीला तुम्ही कृषी अधिकारी केलं. उद्या आमच्या म्हाताऱ्यांचं दवापाणी बी तिलाच इचारू का?"

अन् त्याच दिवशी ढग आले. पाऊस पडून गेला अन् जमीन वापशावर आली, पेरायजोगी ओल धरली. असा वापसा, मुठीत माती धरली तर ती लाडवासारखी बसावी. आता पाच दिवस थांबणार कोण? शेजारचा पेरून मोकळा झाला अन् आपण गोणपाट बघत बसलो, तर तोंड कुठं दाखवायचं. एकानं ट्रॅक्टर जोडला, त्याला बघून दुसऱ्यानं. आमच्याकडं सोमेश्वर पिशवी उचलायला गेला तर बबलू तिच्यावर बसलेला.

"ह्ये मेलंय," तो म्हणायचा. "आज्या, ह्ये मेलंय, ह्याला पेरू नका."

असा रडला, असा रडला की वावरातला वापसा मोडून चिखल झाला, दोन घंटे ट्रॅक्टर बांधावर उभा. सोमेश्वरनं त्याला बखोटीला धरून बाजूला केलं अन् पिशवी फोडली.

"मारलं न त्याला," पाशामियाँ म्हणला.

"एक चापट."

"भाऊ, मेरे घरापर्यंत आवाज आल्ता."

मी पुढं सरकलो. गोष्टीत थांबून चालत नाही.

पेरणीच्या दुसऱ्याच दिवशी तालुक्याला एक अर्ज गेला. त्यात असं की सदर सेविका बालकांना काहीच शिकवत नाही, चिखलात लोळवते, अन् शासनाकडून पोरांच्या आहारासाठी आलेली मटकी गोणपाटात भिजवून नासवते. खाली बावीस सह्या-अंगठे.

"मटकी?" आकांक्षा म्हणली. "सोयाबीन व्हतं ना?"

"सोयाबीनच व्हतं."

"मंग?"

"मंग काय. अर्जात मटकी."

तालुक्याहून पर्यवेक्षिका मॅडम आल्या. पिशवीच्या बियाचा गोणपाट तसाच कोपऱ्यात पडला होता, पोरांना अजून पाहायचं होतं का उशिरा तरी कुणी उठतंय का. मॅडमनं उलगडला. आत नुसता काळा रेंदा. असा वास सुटला की भिंतीवरच्या तक्त्यातला हत्तीही सोंड वळवून बसला. सोयाबीन का मटकी, ते ओळखायला देव खाली उतरला असता तर नाक धरून परत गेला असता.

"काय होतं यात?" मॅडमनं विचारलं.

"सोयाबीन," दहाही पोरं एका तालात ओरडली. अलमासनं तर मॅडमचा हात धरला अन् रांग दाखवायला ओढत नेलं. खडे अजून भिंतीच्या कडंला तसेच होते. मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण पोरांची साक्ष धरत नाहीत. त्यांनी तुळजाबाईला विचारलं. तुळजाबाईला काही सांगता आलं नाही.

सुपातल्या तांदळाला आता खडा उरला नव्हता, तरी तुळजाबाई निवडत होती.

"दैवशालाताई काय म्हणल्या?" आकांक्षानं विचारलं.

"ती म्हणली, मी मटकीचा दाणा बी घेतला न्हाई, कोठी मोजून बघा. कोठी मोजली. मटकी कमी भरली. ती दर म्हयन्याला कमीच भरती, ती पोत्यातच कमी येती. पण ते त्या दिवशी कोन ऐकणार." मी खाली बघून सांगितलं. "पंधरा दिवसांत कागद आला. घरी बसवली."

"मुझे भी सही को बुलाया था," पाशामियाँ बिडी विझवत म्हणला. "मैं नही गया. पर बोल्या भी नही. चुप बैठा घर में. मेरं तर वावर हिरवं व्हतं ना."

त्याचंच एक हिरवं होतं. बाकी गावाची जमीन आठ दिवसांनी पाह्यली तर जशीच्या तशी. कुठं दहा हातांवर एक कोंब, तोही लाजल्यासारखा. माझ्या वावरात तर कावळे येऊन मला विचारून गेले, आबा, पेरलं का अजून पेरायचंय?

मंग गावाला जाग आली अन् सगळ्यांनी सह्या करून तक्रार दिली. बियाण्याची तक्रार घेणारे साहेब पंचनाम्याला आले. रामकिसन म्हणला, बी एक नंबर व्हतं, यांनी खोल पेरलं. साहेबानं आम्हाला विचारलं, "पेरायच्या आधी बी गोणपाटात घालून पाह्यलं होतं का कुणी? काही लेखी आहे का?"

आकांक्षा, तुला काय सांगू. सगळं गाव एका तोंडानं म्हणलं, "व्हय साहेब, पाह्यलं व्हतं. अंगणवाडीत."

"उगवलं नव्हतं हे दिसलं होतं?"

"दिसलं व्हतं."

"मंग पेरलं कशाला?"

सोमेश्वर धावत मच्छिंद्रच्या घरी गेला अन् दैवशालेला घेऊन आला. तिनं वही दिली. साहेबानं पानं उलटली. तारीख होती, पिशवीवरचा नंबर तिनं कोपऱ्यात उतरवून ठेवला होता, अन् दहा लाल बोटं. साहेब बराच वेळ त्या शेपट्या बघत राह्यले. म्हणले, "अहो, हे तर कामाचं आहे. तुम्ही इथल्या सेविका?"

"होते," ती म्हणली.

"होते म्हणजे?"

तिनं पदराची गाठ सोडून कागद काढला अन् त्यांच्या हातात दिला. साहेबानं वाचला. मंग आमच्या तक्रारीखालची नावं वाचली. मंग पुन्हा कागद वाचला, त्यात अर्जदारांची नावं होती. तीच नावं. त्याच क्रमानं, समजा.

"एक सांगा," साहेब म्हणले. "गोणपाटात मटकी होती का सोयाबीन? मटकी असंल तर ही वही खोटी, तुमची तपासणी झालीच नाही, अन् बियाण्याची तक्रार मला बंद करावी लागंल. सोयाबीन असंल तर तुमचा अर्ज खोटा, अन् तसं मला लिहून कळवावं लागंल. दोन्ही नाही चालणार."

दैवशाला एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली. तिला तिची जागा परत द्यायची तर एका माणसानं एक शब्द बोलायचा होता.

"कोनी बोललं?" आकांक्षानं विचारलं. तिच्या हातातला खडू मोडला होता.

"मी," मी म्हणलो. "मी एकटा उठलो. बावीस जणांत एकटा. म्हणलो, साहेब, सोयाबीन व्हतं. माझ्या नातवानं नेलेलं, माझ्याच पिशवीतलं. अर्ज खोटा हाये. असा आवाज लागला माझा की पिंपळावरचे बगळे उडाले. पण नशीब बघ, त्याच घडीला साहेबाच्या ड्रायव्हरनं गाडीचा भोंगा वाजवला. लांबलचक. साहेबाला काही ऐकू गेलं न्हाई. वही मिटली, तक्रार बंद, गाडी गेली अंबडच्या रस्त्यानं. दैवशाला आता लोकांच्या वावरात निंदायला जाते. अंगणवाडीवरून तिला वाट जवळची पडते, पण ती वढ्याकडून फिरून जाते."

"अन् तो अर्ज?" आकांक्षा म्हणली. "मटकीचा? तो कोनाच्या डोक्यातून निघाला?"

"ते आजवर कोनाला कळलं न्हाई."

तुळजाबाईनं सूप खाली ठेवलं.

"भाऊजी, आता पुरे करा," ती म्हणली. "तुम्ही उठलेच न्हाई. साहेबानं इचारलं तवा तुम्ही मान खाली घालून पायातला काटा काढत बसले व्हते, अन् पायात काटा बी नव्हता. भोंगा-बिंगा काही वाजला न्हाई. समदं चिडीचूप व्हतं, म्हनून तर ती पोरगी, दैवशाला, रडती हे ऐकू आलं."

"तुळजाबाई, गोष्टीत थोडं..."

"अन् अर्ज शिवाजीनं लिव्हला, पर सांगितला तुम्ही. रामकिसनच्या दुकानामागं, खताच्या थप्पीवर बसून. रामकिसनला नुस्तं घान करती एवढंच लिव्हायचं व्हतं. तुम्ही म्हनले, घानीनं कोनी काढत न्हाई, आहार नासला असं म्हना. मटकी तुमच्या तोंडातून निघाली. पारावर लोक हसले, ते लागलं तुम्हाला. ह्या गावात असं सुचनारं दुसरं मानूस न्हाई."

पाशामियाँ माझ्याकडं न बघता तौफिककडं बघत होता. तौफिक भिंतीपाशी खडा मांडत होता.

"तुला काय म्हाईत?" मी म्हणलो. "तू तिथं व्हती का?"

"व्हते न." तिनं उजवा हात उघडून माझ्यापुढं धरला. "सगळ्याच्या खालचा अंगठा माझा हाये. तुम्हीच धरून टेकवला. म्हनले, तुळजाबाई, तू आतली बाई, तुझा अंगठा लागला का मंग मॅडम कोनाला इचारत बसत न्हाई. अन् तुझं काम बी राहील."

तिनं सूप परत मांडीवर घेतलं.

"राह्यलं बघा."